मामींचं चंद्रावरचं वावर

पौर्णिमेच्या चंद्राकडे पाठ करून बसणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि ते माझे मोठे मामा. कोजागिरीला बार्शीटाकळीतली सगळी गल्ली दुधाचे पेले घेऊन वर बघते, तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करतात. "पुनवेचा चांद काहून पाहता? उजेड समोरून पडते, एक खड्डा दिसत नाही. अष्टमीले या!" अष्टमीला दिवेलागणीआधीच ते अंगणात पाण्याच्या पाइपाची दुर्बीण उभी करतात. भिंगं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या चष्म्याच्या दुकानातली, आणि बैठक मोडक्या बंडीच्या चाकाची. चंद्रावरची विवरं त्यांनी नातेवाइकांत वाटून टाकली आहेत. त्यातलं कड्यांनी वेढलेलं एक काळं, सपाट मैदान मामींचं. "चहूकडून बांध, मधात काळी जमीन. असं वावर जिल्ह्यात नाही!"

"विहीर हाये का तिथं?" मामी विचारतात.

"विहिरीच विहिरी हायेत. पाणी तेवढं नाही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अमरावतीला पहिल्या सेमिनारसाठी मी चंद्राचा विषय घेतला, कारण दुसरं काही मला धड येत नव्हतं. हा बिघडला तर बीएस्सी सोडून घरी जायचं, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. सुट्टीत मामांच्या दुर्बिणीतून पाहून काढलेला नकाशा फळ्यावर लावला, आणि वर्ग हसू लागला.

"चंद्र उलटा टांगलाय तुम्ही," सर म्हणाले.

घाबरून माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आमच्याकडे असाच दिसते. पाइपातून."

सर उठून नकाशाजवळ आले. एकेका विवरावर बोट ठेवून पाहिलं. "दुर्बिणीत उलटंच दिसतं," ते वर्गाला म्हणाले. "पुस्तकातून उतरवला असता तर सरळ आला असता. हिनं चंद्र पाहिलाय." मग माझ्याकडे वळले, "हं, पुढे बोला." आणि मी बोलले. मामींच्या वावरासकट सगळं.

मामांना फोन केला, तर ते खो खो हसले. "झाड उलटं दिसते, हे मले मालूम होतं. पण चांदाले कुठला आला शेंडा अन् बूड, बाई!"

यंदा मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलतात. दुर्बीण मात्र त्यांनी एसटीनं माझ्या होस्टेलवर पाठवून दिली. अष्टमीच्या संध्याकाळी मी गच्चीवर ती लावते, आणि ठरल्याप्रमाणे फोन येतो.

"दिसून राहिलं का वावर? बांध शाबूत हाये?"

"हाये, मामा."

मागून मामींचा आवाज येतो, "अन् पाणी?"

मी पुन्हा एकदा पाइपाला डोळा लावते.