विहिरीत डोकावणारे व्याही

या जिल्ह्यात कठडा असलेल्या जितक्या विहिरी आहेत तितक्या विहिरींत माझ्या व्याह्यांनी ओणवं होऊन पाहिलेलं आहे, असं मी म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि कठडा नसलेल्या किंवा बुटक्या कठड्याच्या विहिरीत ते डोकावतात तेव्हा मागून कुणीतरी त्यांची पँट धरलेली असते. गेली काही वर्षं हे काम बहुतेक वेळा माझ्याकडे आहे. मुलीच्या सासऱ्यांना इतक्या शब्दशः आधार देण्याचा मान फार थोड्या बापांना मिळत असेल.

आमची पहिली भेट मुलांच्या लग्नाच्या बोलणीत, औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी झाली. देण्याघेण्याचा विषय निघेल म्हणून मी मनातल्या मनात नम्र वाक्यं जुळवून बसलो होतो. व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि गंभीरपणे विचारलं, "तुमच्या बोअरला पाणी कितीवर लागलं होतं?" मी सांगितलं. "आणि आज कितीवर आहे?" ते मला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या मुलीचं वय विचारल्यावर एखाद्या बापाने 'आठवून सांगतो' म्हणावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढची सगळी बोलणी विहीणबाईंनीच उरकली. तेवढा वेळ व्याही आमच्या गच्चीवर टाकीचं झाकण उघडून बसले होते. आमच्या शहरात नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक रजा काढतात, त्यामुळे गच्चीवर कुणी टाकीत डोकावताना दिसलं तर शेजाऱ्यांना त्यात वावगं वाटत नाही. लग्न ठरलं ते बहुधा त्यामुळेच.

ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या जोडीच्या लोकांनी पुंडलिकनगरात हास्यक्लब काढला. यांनी डोंगराकडच्या एका गावातली विहीर धरली. बदलत्या हवामानात, पाऊस बेभरवशाचा झाल्यावर, गावं कशी तग धरतात आणि पाणी, चारा, झाडोरा कसा राखतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका परगावच्या संस्थेचं ते काम होतं. संस्थेच्या कागदावर त्या प्रकल्पाचं नाव दीड ओळीचं आहे. व्याही त्याला 'विहिरीचं काम' म्हणतात. दर अमावस्येला जायचं, सगळ्या गावासमोर दोरी सोडायची, पाणी किती खाली गेलं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. अकरा वर्षांत एक अमावस्या चुकलेली नाही. मुलाच्या लग्नाचा मुहूर्त अमावस्येला नसतो ही त्यांना शास्त्राने दिलेली मोठी सवलत वाटली.

दोरी हा त्यांचा खास विषय. एकदा गुलमंडीत मला सोबत घेऊन ते दोरी आणायला गेले. दुकानदाराने नायलॉनची दाखवली. "ही ताणली जाते," व्याही म्हणाले. सुती दाखवली. "ही भिजल्यावर आटते. किती आटते?" दुकानदार म्हणाला, "काका, बांधायचं काय आहे?" "बांधायचं काही नाही. मोजायचंय." मग त्यांनी त्याच्याच बादलीत दोरी बुचकळली, त्याच्याच गजाने पुन्हा मोजली, आणि पाऊण तासाने आम्ही निघालो तेव्हा दुकानदार मला हळूच म्हणाला, "इनको संभालके ले जाव, साब." पाण्याची चव घेण्याचीही त्यांना सवय आहे. गावात कुणी तांब्या पुढे केला की ते घोटभर पाणी तोंडात घोळवतात आणि "हे वरच्या अंगाचं," किंवा "यात बोअरचं मिसळलंय," असं सांगतात. यजमानाला आधी अपमान वाटतो, मग आश्चर्य वाटतं, आणि मग तो दुसऱ्या विहिरीचं पाणी आणायला धावतो.

परिसंवादांना मात्र ते नाइलाजाने जातात. एकदा मीही गेलो होतो. गार केलेल्या सभागृहात, व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्यांची रांग लावून, एक गृहस्थ टंचाईवर बोलत होते. व्याही शेवटच्या रांगेत शांत झोपले. कार्यक्रम संपल्यावर ते उठले, अर्धवट प्यालेल्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि बाहेर आवारातल्या कडुनिंबाच्या रोपाला घातल्या. "चला," ते म्हणाले, "आजच्या दिवसाचं एवढं तरी झालं."

त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे टँकरचा विषय आहे. तिथल्या सरपंचबाई मेंढपाळ घरातल्या, पन्नाशीच्या, बोलायला तिखट. व्याह्यांच्या वहीतले आकडे पाहून त्यांनी गावाकडून एक नियम करून घेतला होता. विहिरीच्या आत तांबडी रेघ मारली. पाणी रेघेखाली गेलं की शेतातल्या मोटारी बंद. पाणी फक्त माणसांना आणि जनावरांना. दोन वर्षांपूर्वी पाऊस इतका तुटका पडला, की पाणी माघातच रेघेखाली गेलं. मोटारी बंद झाल्या. सरपंचबाईंची स्वतःची मोसंबी उभी वाळली, पण नियम मोडला नाही. शेजारची गावं टँकरवर गेल्यानंतर दोन महिन्यांनी या गावात टँकर आला. व्याह्यांच्या मते त्या उन्हाळ्यातला पाण्याचा आकडा अकरा वर्षांतला सर्वांत मोलाचा होता, आणि तो दिसायला सर्वांत वाईट होता.

नेमके तेव्हाच संस्थेचे पाहुणे यायचे ठरले. काम पुढे चालवायचं का, आणि हा नियम शेजारच्या पाच गावांत न्यायचा का, हे ते विहीर पाहून ठरवणार होते. व्याह्यांना आयुष्यात आणखी काही नको होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, यावरून काय ते समजावं.

विहिरीवर गाव जमलेलं. पाहुण्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचे चेहरे उजळले. पाणी चक्क रेघेवर होतं. "एप्रिलमध्ये!" त्यांच्यातले प्रमुख म्हणाले आणि फोटो काढू लागले. व्याह्यांनी दोरी सोडली, वर घेतली, पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घोळवलं. मी त्यांची पँट धरून होतो, त्यामुळे त्यांचं अंग ताठ झालेलं मला आधी कळलं.

"बाई, टँकर इथं कधी ओतला?" त्यांनी हळूच विचारलं.

"काल सांच्याला. दोन खेपा," सरपंचबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "येशीपाशी टाकीत टाकतेत तो समदा इकडं वळवला. बाया मळ्यातनं पाणी आणायल्यात कालपसून."

"कामून?"

"कामून म्हंजी? पाव्हण्यापुढं रिकामा हंडा ठिवत नाय आमी. नऊ वरसं येताव तुमी. तुमच्या पाव्हण्याला कोरडी हीर दावायची व्हय?"

प्रमुख म्हणत होते की आता दुसरं काही पाहायची गरजच नाही. व्याही एक मिनिट गप्प राहिले असते तरी काम मंजूर झालं असतं. व्याह्यांनी पोहरा कठड्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा आकडा धरू नका. हे पाणी या विहिरीचं नाही. उद्या हा फोटो पाच गावं पाहतील आणि म्हणतील, उन्हाळ्यात इतकं राहतंय तर ऊस लावा. पाणी तळाशी गेलं होतं, तरी ही माणसं मोटारी बंद ठेवून थांबली. लिहायचं तर ते लिहा."

पाहुण्यांनी काय लिहिलं ठाऊक नाही. महिन्याने आलेल्या पत्रात सुंदर भाषेत नकार होता. गावाला तो त्या दिवशीच कळला होता. "सर, इज्जत घालवली आमची," एवढंच सरपंचबाई म्हणाल्या आणि चहा न विचारता आत गेल्या. पुढच्या अमावस्येला आम्ही एसटीने गेलो. विहिरीवर कुणी नव्हतं. व्याह्यांनी दोरी सोडली, मी पँट धरली. त्यांनी आकडा नेहमीप्रमाणे मोठ्याने सांगितला, ऐकायला समोर दोन शेळ्या होत्या. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला सरपंचबाई आधीच येऊन कठड्यावर बसल्या होत्या. "दोरी द्या हिकडं," म्हणाल्या, "म्या सोडते. तुमाला वाकाय हुईना आता."

यंदा व्याह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता अमावस्येला ते पुंडलिकनगरात खुर्चीवर वही उघडून बसतात आणि सरपंचबाईंचा फोन येतो. परवा मी शेजारी होतो. त्यांनी आकडा सांगितला, यांनी लिहिला. मग व्याह्यांनी विचारलं, "आणि घरं?" पाण्याच्या आकड्याशेजारी गाव सोडून गेलेल्या घरांचाही एक रकाना आहे, हे मला तेव्हा कळलं.

"दोन बंद हाइत, सर. उसाच्या तोडीला गेले. किल्ल्या माझ्यापशी ठिवून गेले."

व्याह्यांनी दोनचा आकडा लिहिला होता. ते त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खोडरबर मागितलं.

"किल्ली ठेवून गेलेत तर बंद कसं म्हणायचं?" ते मला म्हणाले. मी खोडरबर दिलं.