पिवळ्या हाताचं तूप

पंगतीत वाढणाऱ्यांची एक उतरंड असते, आणि ती सरकारी खात्यापेक्षा कडक असते. सगळ्यात खाली मीठ-लिंबू. त्यावर चटणी-कोशिंबीर, मग पोळ्या, मग वरण. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, वाकला तरी न वाकल्यासारखा दिसणारा तो एकच माणूस, तूप वाढणारा. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मराठी मंडळींची माघी गणेश जयंतीला पंगत होते, तिथे ही गादी एकवीस वर्षं नरहरी पांढरीपांडे यांच्याकडे होती. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून ते रिटायर झाले तेव्हा हसत झाले. तुपाच्या पळीवरून रिटायर व्हायची मात्र त्यांची अजिबात तयारी नव्हती.

पळी त्यांची स्वतःची, घरून रुमालात बांधून आणलेली. धार भाताच्या मुदीवर बरोबर मधोमध पडायची, पानावर शिंतोडा नाही. बायका म्हणायच्या, माणूस पाहून धार जाड-बारीक होते. जावयांना जाड, आणि ज्यांनी वर्षभरात नरहरभाऊंना एकदाही चहाला बोलावलं नाही त्यांना नुसता दोरा. बायका खोटं बोलत नव्हत्या.

मग रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले, आणि ज्याच्या त्याच्या बोलण्यात मंत्रालयातला एक ओळखीचा निघू लागला. पहिल्याच माघात पंगतीला एक खरेखुरे मराठी अवर सचिव येऊन बसले, सफारी घालून. नरहरभाऊंनी त्यांच्यासाठी खास जाड धार काढली आणि ती अख्खीच्या अख्खी मठ्ठ्याच्या द्रोणात सोडली. साहेब सज्जन. त्यांनी मठ्ठा पिऊन टाकला. पण गार मठ्ठ्यात तूप थिजलेलं, त्याची पांढरी झालर मिशीला लावून साहेब भाषणाला उभे राहिले, आणि राज्याच्या उज्ज्वल भवितव्याबद्दल ते काय बोलले हे आजतागायत कोणाला आठवत नाही.

हे सगळं दिवाकर किनखेडे बघत होते. सिंचन खात्यातले निवृत्त, अकरा वर्षं मीठ वाढून वाढून मन खारट झालेले. त्यांनी कमिटीत विषय काढला, की नरहरभाऊंचे डोळे गेले आहेत. पुष्कळ खल होऊन ठरलं, की आणखी एक माघ पाहू. तेव्हाही नेम चुकला तर पळी किनखेड्यांकडे.

नरहरभाऊंचा चष्मा नऊ वर्षांचा होता. तो बदलला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण चष्मा बदलायचा म्हणजे किनखेडे खरं बोलले असं कबूल करायचं. त्यापेक्षा आंधळं होणं परवडलं. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता शोधला, आणि तो सापडला घरातच, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर.

त्यांच्या बायकोची, प्रेमलाबाईंची भाची गंधाली एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. दिवाळीच्या सुमारास तिने महिला मंडळात भाषण दिलं आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं एक पत्रक वाटलं. प्रेमलाबाईंनी ते कौतुकाने कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवलं. म्हणजे पुढची बाजू वाचायला आणि मागची बाजू लाकडाला. पुढच्या बाजूला लिहिलं होतं, की ए, डी, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं पाण्यात विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात. ए डोळ्यांसाठी चांगलं. गाजर, पपई, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या भाजीतून मिळतं. पण जेवणात थोडं तेल-तूप असेल तरच अंगी लागतं.

नरहरभाऊंनी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. एकवीस वर्षं आपण नुसतं तूप नाही, विज्ञान वाढत आलो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तुपात परतलेली गाजरं, दुपारी पपई आणि तिच्यावर चमचाभर तूप, संध्याकाळी मुनग्याची भाजी, ती तुपात पोहणारी. रोज किलोभर गाजर घरात येऊ लागलं. भाजीवालीने शेवटी विचारलंच, "घोड़ा पाले हव का, महराज?" भरीला भर म्हणून त्यांनी माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटलीही आणली. पण वासाने धीर झाला नाही आणि घरात ठेवायची सोय नाही, म्हणून ती स्कूटरच्या डिक्कीत दडवली. तेव्हापासून गल्लीतल्या दोन मांजरी स्कूटरच्या सीटवरून हलेनात. पांढरीपांड्यांनी मांजरी काहून पाळल्या, यावर पाऱ्यात, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, पंधरा दिवस चर्चा चालली.

जानेवारीत त्यांचे तळहात पिवळे झाले. प्रेमलाबाईंना वाटलं, हळद लागली असेल. मग तळपाय पिवळे, मग नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या. हे मात्र झाकण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांत बातमी पाऱ्यातल्या तलावाला वळसा घालून परत आली, की नरहरभाऊंना पीलिया झाला, म्हणजे कावीळ. रायपुरात या रोगाचं नाव काढलं की लोक आधी पाणी उकळतात आणि मग चौकशीला येतात. कोणी उसाचा रस आणला, कोणी झाडणाऱ्याचा पत्ता दिला. सगळे मात्र दारातूनच. चहा कोणी घेतला नाही. आणि किनखेड्यांनी गोल बाजारातून नवं कोरं तुपाचं भांडं विकत घेतलं, हेही कळलं. गावात काही गोष्टी गुपित राहतात. कोणी काय भांडं घेतलं ही त्यातली नव्हे.

नरहरभाऊंना रोगाचं काही वाटलं नाही. त्यांना रात्रंदिवस ते भांडं दिसू लागलं.

शेवटी प्रेमलाबाईंनी गंधालीला बोलावलं. पोट्टीला मराठी सगळं समजे, पण बोलायला गेली की निम्मं हिंदीत उतरे. तिने काकाजींना उजेडात बसवलं, खालची पापणी ओढली आणि हसायलाच लागली.

"काकाजी, पीलिया होता तो आँख का सफेद पहले पीला होता. तुमचे डोळे तर दुधासारखे पांढरे आहेत. ये सिर्फ गाजर है, चमड़ी में बैठा हुआ."

तरी तिने रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट चोख आला. मग तिने पत्रकाची मागची बाजू तोंडपाठ म्हणून दाखवली. बी आणि सी जास्त झाली तर लघवीवाटे जातात, पण ही चार जीवनसत्त्वं अंगात साठून राहतात, लिव्हरमध्ये, चरबीत. गाजरातल्या रंगाचं शरीर हवं तेवढंच ए करतं, उरलेला रंग कातडीत जाऊन बसतो आणि गाजर सोडलं की महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. त्याने काही बिघडत नाही. गोळ्यांमधलं तयार ए मात्र वाट्टेल तसं खाल्लं तर खरंच लिव्हरवर येतं. तेव्हा डिक्कीतल्या बाटलीला हात न लावायची बुद्धी मांजरींच्या नाही तर माशाच्या पुण्याईने झाली म्हणायची. आणि चष्म्याचा नंबर, ती म्हणाली, जगातल्या कुठल्याच गाजराने उतरत नसतो.

नरहरभाऊंचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे तुपाचा काही उपयोगच नाही झाला?"

"हुआ ना, काकाजी. घी नहीं होता तो इतने पीले होते ही नहीं."

हे ऐकून मात्र त्यांच्या जिवाला बरं वाटलं. तूप आपल्या कामाला चुकलं नव्हतं. त्याच दिवशी ते गुपचूप जाऊन नवा चष्मा करून आले.

पंगत नऊ दिवसांवर होती. तेवढ्यात रंग काय उतरणार. माघी चतुर्थीला नरहरभाऊ रुमालात पळी घेऊन मांडवात शिरले तेव्हा पिवळेधम्मकच होते. किनखेडे रेशमी सोवळ्यात, नवं भांडं घेऊन आधीच उभे.

"तुम्ही यंदा पानावर बसा, नरहरभाऊ. लोकं भिऊन राहिले तुमच्या हाताले."

"मले पीलिया नाही. गाजर झालं आहे मले."

पंगत खो खो हसली. त्यांनी रिपोर्ट काढून दाखवला. किनखेडे म्हणाले, रिपोर्ट कागदावर आहे, पिवळं हातावर आहे. हे लोकांना पटलं, कारण ऐकायला छान होतं. वरण-भात पानावर पडून निवत होता आणि तुपाविना कोणी हात लावेना.

तेव्हा पहिल्या पानावरून अंजनाबाई बोलल्या. वय शहाऐंशी, कमिटीपेक्षा थोर. "इकडे ये रे, पोट्ट्या," त्या त्रेसष्ट वर्षांच्या नरहरभाऊंना म्हणाल्या. त्यांना खाली वाकवलं, अंगठ्याने एक पापणी खाली ओढली, मग दुसरी. "सहा लेकरांचे पीलिये काढले म्या. याचा डोळा पांढरा आहे. दिवाकर, दे ते भांडं त्याले. भूक लागून राहिली मले."

किनखेड्यांनी भांडं दिलं. नव्या चष्म्यातून नरहरभाऊंना नऊ वर्षांत पहिल्यांदा भाताचं एकेक शीत वेगळं दिसलं. धार मुदीच्या मधोमध पडली. दुसऱ्या पानावर तशीच, तिसऱ्या पानावर तशीच. चौथ्या पानापाशी मात्र ते थांबले आणि त्यांनी ए समजावून सांगितलं. पाचव्या पानाला डी, हाडं आणि कोवळं ऊन. सहाव्याला ई. सातव्याला के, म्हणजे बोट कापलं तर रक्त कसं गोठतं ते, विळीच्या उदाहरणासकट. आठव्यापासून पुन्हा ए. लोक शास्त्र ऐकून दुसरी पळी मागू लागले. थोडं पुरतं असं गंधाली कोपऱ्यातून सांगत होती, तिचं कोण ऐकतो. बायकांच्या ओळीतून प्रेमलाबाईंचा आवाज आला, "अहो, के राहू द्या, पुढे सरका." दुसरी पंगत सव्वा तास उशिरा बसली आणि तिच्या वाट्याला तुपाचा वासच आला.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. किनखेड्यांनीच ठराव मांडला आणि तो एकमताने पास झाला. तूप वाढण्याचा मान नरहरी पांढरीपांडे यांच्याकडे तहहयात राहील. वाढताना मात्र त्यांनी तोंड उघडू नये.

नरहरभाऊंनी फक्त एक दुरुस्ती मागितली. एखाद्याने तूप नको म्हटलं, तर त्याच्यापुरतं बोलायची मुभा असावी. दुरुस्ती मंजूर झाली. तेव्हापासून त्या पंगतीत तुपाला नको म्हणायची कोणाची छाती झालेली नाही.