पासिंगचा गार्ड

ट्रकच्या बॉड्या आणि ट्रेलर बांधणाऱ्यांची परिषद दर साली भरते, आणि दर साली मी तिथनं एक पिशवी घेऊन येतो. पिशवीत एक पेन, एक टोपी आणि कुणातरी जॅकवाल्याचं कॅलेंडर. पिशवीची चेन त्याच दिवशी तुटते. परिषद पुण्याला असायची तेव्हा मी मागच्या रांगेत बसून जेवणाची वाट बघायचो. पण त्या साली ती धाराशिवात, हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात ठरली. माझं वर्कशॉप येडशीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, म्हणून मला संयोजन समितीत घातलं. तिथंच माझी मान अडकली.

आधी गार्डचं सांगतो. टिपर असो का ट्रेलर, त्याच्या मागं खालच्या अंगाला एक आडवा लोखंडी दांडा लागतो. मागून मोटारसायकल धडकली तर ती गाडीखाली घुसू नये, एवढंच त्याचं काम. कायद्यानं तो पाहिजेच. पण टिपरवाल्यांना तो डोळ्यासमोर नको असतो. खदानीत रिव्हर्स घेताना घासतो, माल ओतताना मुरमात रुततो. म्हणून आमच्यात एक पद्धत पडलेली. गार्ड वेल्डिंग करायचा नाही, चार बोल्टवर बसवायचा. आरटीओत पासिंग झालं की गाडी वर्कशॉपला आणायची, गार्ड काढायचा आणि पुढच्या गाडीला लावायचा. माझ्याकडचा एकच गार्ड, लाल-पांढरा रंगवलेला, किती गाड्यांना लागून आला देव जाणे. नवरदेवाचा भाड्याचा कोट असतो तसा. 'पासिंगचा गार्ड' म्हणायचो आम्ही त्याला, आणि हसायचो. आता त्या हसण्याची किळस येते.

आमची आई लवकर गेली. मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, अक्कानं. तिला भूमला दिलेली. दाजी एसटीत कंडक्टर, तोंडात कधी वावगा शब्द नाही असा माणूस. पौषातली सकाळ होती. पहिल्या गाडीच्या ड्युटीला ते मोटारसायकलवर निघाले. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं असं धुकं. रस्त्याच्या कडेला बंद पडलेला टिपर उभा होता. दाजी सरळ त्याच्या मागनं खाली गेले.

मला फोन आला तसा मी जॅक गाडीत टाकून निघालो. त्यांना बाहेर काढायला जॅक मीच लावला. वाकलो, आणि चेसीच्या मागच्या टोकाला चार भोकं दिसली. मी पाडलेली. आपलं काम आपल्याला ओळखू येतं, त्याला पाटी लागत नाही. भोकांत बोल्ट नव्हते. तो दांडा तेव्हा येडशीत माझ्या वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभा होता.

पंचनामा झाला, ड्रायव्हरवर केस झाली. टिपरचा मालक म्हणाला, गार्ड खदानीत तुटून पडला. मी शेजारी उभा राहून ऐकलं. तेराव्यापर्यंतचं सगळं मीच केलं, आणि अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भाऊ व्हता म्हणून निभावलं." खोटं कशाला बोलू, त्यानंतरही दोन गाड्या मी त्याच गार्डवर पास करून आणल्या. तिसऱ्या खेपेला हात लागंना, तेव्हा गॅस कटरनं त्याचे तुकडे केले. तोंड मात्र बंद ते बंदच. दोन वर्षं महिन्यातून एकदा भूमला जायचो, अक्काच्या हातची बाजरीची भाकरी खायचो आणि यायचो.

मग ही परिषद. समितीच्या बैठकीत ठरलं की एक सत्र सुरक्षेवर घ्यायचं. नुसती भाषणं ऐकून लोक जांभया देतात, तर ज्याच्या घरात असं घडलंय त्याला बोलवू. कुणीतरी म्हणालं, "मालक, तुमच्या अक्काच हायत की!" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नको म्हणायला कारण तरी काय सांगणार? मी म्हणलं, विचारतो. मला वाटलं ती नकोच म्हणंल. अक्का म्हणाली, "येते की. तुझी मान्सं हायत."

कार्यालयात बाहेर स्टॉल मांडलेले. अॅक्सल, हुक, हायड्रॉलिक सिलिंडर, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या. आत खुर्च्यांना पांढरे कपडे. अक्काला शाल दिली, नारळ दिला. ती माइकपुढं उभी राहिली. ती कागद न घेता बोलली. दाजी डबा घेऊन कसे निघाले, शेजारचा पळत कसा आला, सगळं साध्या आवाजात. मग म्हणाली, "मला गाड्यातलं काय कळत न्हाय. पन माझा भाऊबी ह्योच धंदा करतोय. त्याच्या हातची गाडी आसती ना, तर माझं कुंकू ऱ्हायलं आसतं."

टाळ्या पडल्या. लोक वळून माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते! शेजारचा माझ्या पाठीवर थाप मारत होता. मला त्या टाळ्या सोसवंनात. मी उभा राहिलो आणि म्हणलं, "ती गाडी माझ्याच हातची होती. गार्ड मीच काढला होता."

शेजारच्यानं माझा सदरा खाली ओढला. "मालक, झाकली मूठ सव्वालाखाची. बसा खाली!" मी बसलो नाही. बोल्टची, पासिंगची, एका गार्डवर किती गाड्या निघतात त्याची, सगळी पद्धत सांगितली. त्या हॉलात नवीन काय होतं त्यात? निम्म्यांच्या भिंतीला तसलाच दांडा टेकलेला असणार. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अध्यक्षांनी माइक घेतला, म्हणाले, आपले बंधू जरा भावनेच्या भरात बोलले, आता जेवणं गार होतायत. आणि लोक उठले की हो! खरंच उठून पंगतीला गेले.

अक्का स्टेजवरून उतरून माझ्यापुढं आली. शाल तिनं घडी करून खुर्चीवर ठेवली.

"त्यास्नी उचलाया आलास, तवाच कळलं तुला?"

"व्हय."

"आन् मंग दोन वरीस माझ्या घरात जेवलास?"

ती रडली नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पाय धरता आले असते. ती चालत फाटकाबाहेर गेली आणि रिक्षानं स्टँड गाठून भूमच्या गाडीत बसली. मी गाडी घेऊन मागं मागं स्टँडपर्यंत गेलो. तिनं खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

आता मी गार्ड वेल्डिंग करूनच देतो. बरेच टिपरवाले दुसरीकडं गेले, ते परत येणार नाहीत. आपण मोठं काही केलं असं मला वाटत नाही. जे करायचं ते वेळेवर केलं नाही, एवढंच खरं.

भाऊबीजेला मी भूमला जातो. अक्का दार उघडते, पाण्याचा तांब्या पुढं ठेवते, बायको कशी आहे विचारते. मी तासभर बसतो. ती पाट मांडत नाही, निरांजन लावत नाही. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकतो. ती पाय मागं घेते.