बंड्याने लढाईत बूट काढले

सुरुवातीलाच सांगते — भूत, आत्मा, संकेत या सगळ्याविरुद्ध पत्रकं वाटत मी मोठी झालेय. बाबा कामगार चळवळीतले. आमच्या फुलपाड्याच्या घरात देव्हारा नव्हता, पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते. विरार स्टेशनबाहेर ‘बुवाबाजीला बळी पडू नका’ असं मी ओरडायचे तेव्हा फ्रॉकमध्ये होते. तेव्हा हे वाचून कृपया कुणी मला ताईत पाठवू नये.

माझा दादा, घरातलं नाव बंड्या, वालीवला प्लास्टिकच्या कारखान्यात होता. मागच्या वर्षी तापाने गेला. त्याचा एकच नाद — कॉम्प्युटरवरचा एक गेम. डोंगर पोखरून ठेंगू लोकांचं गाव वसवायचं. आपण फक्त कामं नेमून द्यायची, वागतात ती माणसं स्वतःच्या मनाने. जेवतात, रुसतात, भांडतात. आणि मेलेला माणूस परत येत नाही. त्या गावात दादाने एकाला स्वतःचं नाव दिलं होतं. बंड्या, खाणकामगार.

त्या गेममधल्या भांडणांना पायऱ्या आहेत. मस्करीतली झटापट, मग मुठींची मारामारी, मग शरण आला की सोडून देणारी लढाई, मग जिवावरची. सगळ्यात वर ‘दया नाही’. तिथे शरण गेलात तरी मारतात.

“मुक्ते, बघ,” दादा म्हणायचा, “सुरुवात मुठींनीच होते. कुणीतरी पहिला हत्यार काढतो आणि पायरी चढते. चढलेली पायरी उतरत नाही.”

“मग जगाचं कसं व्हायचं, कॉम्रेड?”

“जगाचं माहीत नाही. गेमचं सांगतोय.”

तो गेल्यावर ते गाव मी सांभाळू लागले. का? दादा गेलाय हे मला पक्कं माहीत होतं. पण स्क्रीनवर ‘बंड्या दगड फोडतो आहे’ असं यायचं ना... ते वाचायला मिळायचं. तेवढ्यासाठी.

रविवार होता, भर दुपार. दादाचा मित्र सॅव्हिओ वसईहून आला होता, त्याच्या मम्मीने तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोडसर गोळे, घेऊन. त्यानेच दादाला या गेमची सवय लावलेली. आम्ही खात-खात खेळत होतो आणि गावाच्या फाटकावर लुटारू आले. बंड्या नेमका बाहेर, एकटा.

“आत बोलव त्याला!” सॅव्हिओ ओरडला.

“हुकूम दिलाय! ऐकत नाहीये!”

“अगदी तुझ्या भावासारखा आहे, साला.”

लढाईची पायरी स्क्रीनवर लाल अक्षरांत आली. दया नाही. माझ्या हातातला फुगा तसाच राहिला. दादा पुन्हा मरणार, आणि मी बघत बसणार, असंच वाटलं.

तेवढ्यात खालच्या पट्टीत एक ओळ सरकली. बंड्याने कुदळ टाकली. मग — बंड्याने डावा बूट काढला. मग उजवा.

“हा काय करतोय?” सॅव्हिओ म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं.

आमचा दादा, कारखान्याच्या गेटवर असो की सोसायटीत पाण्यावरून, भांडण तापलं की आधी चपला काढायचा. जोडून बाजूला ठेवायचा. खालचे काका चिडवायचे, “काय बंड्या, देवळात आलास काय रे?” तो म्हणायचा, “पायात चप्पल असली की हात तिच्याकडे जातो, काका.”

लाल अक्षरं गेली. तिथे आलं — मुठींची मारामारी. लुटारूंनी तलवारी टाकल्या. गुद्दागुद्दी झाली, बंड्याचा डोळा सुजला आणि ते लोक निघून गेले.

आता हे नीट वाचा. या गेममध्ये माणसं बूट काढतात, पण लढाई चालू असताना नाही. आणि ‘दया नाही’वरून पायरी खाली येणं... आम्ही तो गेम खेळणाऱ्या कितीतरी जणांना विचारलं. कुणीच पाहिलेलं नाही. काहींनी सरळ थापाडे म्हटलं.

गेम आपोआप मागची नोंद ठेवतो, तिथून पुन्हा खेळता येतं. सॅव्हिओने लढाईच्या आधीची नोंद घरी नेऊन पुन्हा चालवली. आठवड्याने फोन आला.

“मरतो गं मुक्ता. दर वेळी मरतो. बूट घालूनच.”

प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघावा, हे मी स्वतः पत्रकात लिहिलंय. तरी त्याला म्हटलं, “बस कर. पुसून टाक ती नोंद.”

“मी कालच पुसली,” तो म्हणाला.

प्रोग्रॅममधली चूक असेल. असणारच. पण कोणती, ते आजवर कुणीही मला सांगू शकलेलं नाही, आणि मी खोटं कारण छापणार नाही.

हल्ली रविवारी मी ते गाव उघडते, पण त्या लढाईनंतरच्या क्षणावर थांबवलेलंच ठेवते. आई चहा घेऊन शेजारी येऊन बसते. तिला गेममधलं काही कळत नाही. फाटकापाशी अनवाणी उभी असलेली ती बोटभर आकृती तेवढी ओळखते.

“चालव की गं,” परवा म्हणाली. “किती वेळ उभा राहील तो उन्हात?”

चालू करायला एक बटण पुरतं. माझं बोट त्यावर असतं. अजून दाबलेलं नाही.