टॉवरला दिलेला पहिला नकार

ती माझी रूममेट होती आणि तिचा आवाज मला सहन व्हायचा नाही. लातूरला वैमानिक व्हायचं शिकत होतो आम्ही. ती अहमदपूरच्या टेलरची मुलगी, मी निलंग्याच्या ऊसवाल्यांची. ती रेडिओवर बोलली की सर चहाचा कप खाली ठेवून ऐकायचे. मी बोलले की म्हणायचे, "परत सांग." जळायचे मी, चांगलीच जळायचे.

त्या दिवशी दोघींना एकेकटीने विमान घेऊन नांदेडला उतरायचं होतं. ती दहा मिनिटं पुढे. लातूरला विमानांना रेडिओवरून वाट देणारा टॉवर नव्हता, नांदेडला होता. तिथल्या हवेत विचारल्याशिवाय शिरता येत नाही. मी परवानगी घेतली, आणि लोहा गाव मागे पडल्यावर इंजिन खोकायला लागलं. शिकवल्याप्रमाणे नाक खाली करून वेग सांभाळला, कार्ब्युरेटरला गरम हवा दिली, इंधन तपासलं. इंजिन जरा सावरलं, पण थरथर जाईना आणि उंची टिकेना. खाली एक सपाट शेत हेरून ठेवलं.

टॉवरला कळवलं, इंजिन थोडं रफ चालतंय. त्यांनी लगेच विचारलं, इमर्जन्सी जाहीर करता का?

त्याच फ्रिक्वेन्सीवर ती ऐकत होती. मी म्हणाले, "निगेटिव्ह."

आमच्याकडे पाहुणा पहिल्या चहाला नाहीच म्हणतो. आग्रह झाला की घेतो. टॉवर आग्रह करत नाही. त्यांनी मला उतरायला दुसरा नंबर दिला, तिच्या मागे.

मग तिचा तो सुरेख आवाज आला, टॉवरला सांगत होती: मी बाजूला चक्कर मारत थांबते, मागच्या विमानाला सरळ येऊ द्या, आणि तिला पुन्हा एकदा विचारा.

टॉवरने पुन्हा विचारलं. मी हो म्हणाले. चाकं टेकली आणि धावपट्टीवरच इंजिन बंद पडलं. तिच्या मागे रांगेत थांबले असते तर त्या शेतातच गेले असते.

सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं ते तिचं. जीव वाचल्याचा आनंद होताच, पण तो तिने वाचवला हे काही केल्या गिळवेना.

होस्टेलवर आल्यावर तिने चहा टाकला. कप पुढे करत म्हणाली, "आता तरी न्हाई म्हणू नको. तुझं पहिलं न्हाई मला ठाव हाय."

मी निमूट घेतला. चहा फक्कड झाला होता. तेही मला आवडलं नाही.