तो गळ आणि ती गळ

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांइतका न मागणारा माणूस साऱ्या भारत सरकारात दुसरा झाला नसेल. मुलांनो, तुमच्या बाबाला ते आठवतील; तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. आमटी अळणी असली तरी ते मीठ मागत नसत, लोणच्याची फोड आमटीत बुडवून वेळ निभावत. बसमध्ये दाराशी उभ्या असलेल्या माणसाला "जरा सरका" म्हणावं लागू नये म्हणून एकदा आपला स्टॉप सोडून पार शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथून चालत घरी आले. उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, "हवा छान होती." दिल्लीची, जूनमधली!

त्यांना दुसरा नाद मासे धरण्याचा. ते मूळचे गुहागरचे, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायला त्यांची जीभ वळत नसे; तरी गळ टाकल्यावाचून हाताला चैन नाही. गच्चीवर गळ फेकायचा सराव करताना एकदा तो शेजारणीच्या वाळत घातलेल्या साडीत अडकला. ओढावा तर साडी फाटणार, आणि "जरा सोडवून द्या" हे म्हणणार कोण? ती बाई कपडे काढायला येईपर्यंत काका दोन तास काठी धरून उभे होते. तिने विचारलं, "भाईसाहब, कुछ फँसा क्या?" तर म्हणाले, "जी, जल्दी नहीं है."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं; पण गुहागरला त्यांची म्हातारी आई एकटी होती. दर महिन्याला तिचं कार्ड यायचं आणि त्यात शेवटची ओळ ठरलेली: "बदलीचं काय झालं?" त्या वर्षी त्यांच्या खात्याच्या रत्नागिरीच्या ऑफिसात एक जागा रिकामी व्हायची होती. ती कुणाला द्यायची ते काकांच्या साहेबांच्या हातात होतं. साहेब लखनौचे, मोकळ्या मनाचे आणि रोहू धरायचे शौकीन. मानेसरच्या पुढे टेकडीआड एक लहानसं तळं आहे असं त्यांच्या कानावर आलं. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते, नुसती मोहरीची शेतं. त्यांनी काकांना आणि त्याच ऑफिसातल्या तुमच्या आजोबांना बरोबर बोलावलं. थर्मास आणि पुऱ्यांचा डबा घेऊन मीही निघाले.

आदल्या संध्याकाळी काकू माझ्या स्वयंपाकघरात काकांना म्हणाल्या, "उद्या दिवसभर साहेब शेजारी आहेत. गळ घाला एकदाची. आणि वहिनी, तुम्ही आहात ना तिथे, यांना जरा ढकला."

हा शब्द तुम्हाला माहीत नसेल. मासे धरायचा आकडा, तो गळ. आणि कुणाला अगदी काकुळतीला येऊन विनवणं म्हणजे गळ घालणं. ही ती गळ. काका म्हणाले, "घालतो."

तळं सगळ्यांनाच नवखं. कुठे खोल, कुठे शेवाळ, काही कळेना. साहेबांचा गळ तीनदा शेवाळात गुंतला. काकांनी मात्र पाण्याकडे बराच वेळ पाहिलं, कणकेची गोळी लावली आणि बाभळीच्या सावलीत बसून राहिले. साहेब शेजारी येऊन बसले. आपणहून म्हणाले, "और भई, माताजी कैसी हैं? अकेली रहती हैं न?"

मी पुरीवर लोणचं ठेवता ठेवता थांबले.

"बिल्कुल ठीक हैं, सर," काका म्हणाले.

दुपारी काठी वाकली. काका उठले, दोर सोडत, ओढत, पुन्हा सोडत पाव तास झुंजले आणि हातभर लांबीचा रोहू काठावर आणला. साहेबांनी आनंदाने टाळ्याच वाजवल्या. "वाह! मान गए यार! आज जो माँगोगे, मिलेगा. बोलो!"

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. काकांचे ओठ हलले. कपाळावर घाम, हातात तो तडफडणारा मासा. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे तरी काही मागितलं.

"सर, एक कप चाय."

साहेब खो खो हसले. थर्मास माझ्याच हातात होता. मी चहा ओतला. "साहेब, यांना रत्नागिरीला पाठवा", एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. पण दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत पडू नये, हे मी इंग्रजी शाळेत फार नीट शिकले होते.

परत आलो तेव्हा काकू जिन्यातच उभ्या होत्या. "घातलीत का गळ?"

"घातला," काका म्हणाले.

त्या एका काना-वेलांटीत काकूंना सगळं कळलं. त्यांनी मासा हातातून घेतला आणि आत गेल्या.

रत्नागिरीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या वर्षी आई गेल्या. काका पोचले ते तिसऱ्या दिवशी. निवृत्तीनंतर ते दोघं गुहागरलाच राहायला गेले. तिथून मला एकच कार्ड आलं: "समोर समुद्र आहे. गळ अजून सामानात बांधलेलाच आहे."

तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता, "आजी, तुला काय हवं?" आणि मी दर रविवारी सांगते, काही नको, माझं सगळं छान चाललं आहे. तुमचा बाबा परदेशी निघाला त्या दिवशीही विमानतळावर मी त्याला एवढंच विचारलं होतं की, पासपोर्ट वरच्या खिशात ठेवलास ना?

आज लिहून मागते, कारण तोंडाने जमणार नाही. या हिवाळ्यात या. चार दिवसांसाठी या. ही मी गळ घालते आहे. ती.