वाळूतले पिवळे दिवे

फोन आला तेव्हा मी दोह्यात, आमच्या गराफा भागातल्या घरी थालीपिठं लावत होते. पलीकडून हे म्हणाले, "सुर्वेभाऊ सकाळी उठलेच नाहीत गं." मी गॅस बंद केला आणि पहिल्यांदा मनात काय आलं असेल, तर राग. अहो भाऊ, पुढच्याच आठवड्याचं घरी जायचं तिकीट होतं तुमचं...

सुर्वेभाऊ चिपळूणचे. यांच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन. राहायला शहराबाहेर, बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत, पण शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. वाळवंटातल्या साइटचा रस्ता वाऱ्याने सारखा वाळूखाली जायचा. मग कुणा साहेबाने परदेशातून बर्फ सारायचं जुनं पातं मागवलं आणि ते पिकअपच्या तोंडाला बसवायचं काम भाऊंकडे आलं. पातं वर-खाली करणारा पंप, टपावरचे पिवळे फिरते दिवे, सगळं वायरिंग त्यांचं. पहिल्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवून गाडी काढली आणि जेवताना म्हणाले, "वहिनी, ते पातं आणि मी, दोघंही भलत्याच मुलखात येऊन पडलोय."

तेव्हा माणसं कमी करणार अशी हवा होती. तर या गृहस्थांनी काय करावं? सगळीकडे एकाच लाल रंगाची वायर ओढली. दुसऱ्या कुणाला त्यात हातच घालता येऊ नये, म्हणजे आपल्याला कुणी काढणार नाही. आणि खरंच नाही काढलं. पण पुढे चिपळूणला त्यांची बायको गुडघ्यांनी घरात बसली, एकटी. भाऊ राजीनामा घेऊन गेले की साहेब म्हणायचा, "सुर्वे, गाडी कौन देखेगा? ये सीझन निकल जाने दो, फिर यल्ला, घर जाओ." मग पुढचा सीझन. वाऱ्याला इथे काय तोटा! मी चिडायचे, "सरळ विमानात का बसत नाही?" भाऊ खाली मान घालून भात कालवत राहायचे. "मीच करून ठेवलंय हो, वहिनी. गाडी बंद पडली तर माणसं तिकडे अडकतील. कसा जाऊ?"

शेवटी या वर्षी त्यांनी सगळं वायरिंग उपसलं. दिव्यांची वायर पिवळी, पंपाची निळी, प्रत्येकीवर नावाची पट्टी. काम सुटल्यावर, सुट्टीला, आमच्याकडची जेवणं बुडवून. मग साहेबाला दाखवलं, आता कुणीही दुरुस्त करेल. साहेबाने राजीनाम्यावर सही केली. त्या शुक्रवारी पोटभर जेवले आणि बायकोला फोन लावून माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा. माझ्यावर विश्वास नाही तिचा." मी सांगितलं. ती माउली नुसती हसत होती... त्या हसण्याचं मी आता काय करू?

परवा आम्ही त्या साइटच्या बाजूला गेलो होतो. धुरळ्यात तेच पिवळे दिवे फिरताना दिसले. यांनी गाडी हळू केली. म्हणाले, "मध्ये बंद पडले होते. नव्या इलेक्ट्रिशियनने पट्ट्या वाचल्या आणि लगेच चालू केले."

मी काच खाली केली. तोंडावर वाळू आली तरी बघत राहिले. भाऊंवाचून तिथे आता कुणाचंही अडत नाही. एवढंच तर हवं होतं त्यांना.